नाणे खरे, पण दावा?



कोकणातल्या जुन्या घरांत माळ्यावरच्या एखाद्या डब्यात तांब्याची शिवराई सापडते. आता मोबाइलवरून फोटो टाकला की मुंबई-पुण्याचे गिऱ्हाईक घरबसल्या मिळते. सोबत 'शिवछत्रपतींच्या काळातील अस्सल नाणे' असे लिहिले की किंमत वाढते. प्रश्न एवढाच, की असे लिहिण्याचा अधिकार आपल्याला आहे का?

महाराजांचा राज्याभिषेक १६७४ साली झाला. पण 'श्री राजा शिव' आणि 'छत्रपति' ही अक्षरे असलेली शिवराई पुढे पेशवाईतही टाकसाळींत पडत राहिली आणि इंग्रजी अमलाच्या आरंभीही बाजारात चालत होती. म्हणजे नाणे अस्सल असूनही त्याविषयीचा दावा खोटा असू शकतो. उलट, आपल्या सावर्ड्याच्या कला महाविद्यालयात कोणी साचा काढून हुबेहूब प्रतिकृती केली आणि प्रतिकृती म्हणूनच विकली, तर त्यात गैर काही नाही. लबाडी शिरते ती शब्दांत.

"विचारले नाही, म्हणून सांगितले नाही," ही पळवाट जुनीच आहे. दोन हजार वर्षांपूर्वी रोमचा सिसेरो याने विचारले होते: विकणाऱ्याला ठाऊक असलेले सारे घेणाऱ्यालाही कळायला हवे का? तेराव्या शतकात संत थॉमस अक्विनस यांनी सांगितले, की ज्याने घेणाऱ्याचे नुकसान होईल असा झाकलेला दोष विकणाऱ्याने उघड केलाच पाहिजे. घेणाऱ्याच्या हाती नुसता फोटो असतो, तेव्हा हे कर्तव्य अधिकच जड होते.

मग पुरावा कसा द्यावा? नाणे घासून चकचकीत करू नये. दोन्ही बाजूंचे फोटो, वजन आणि ते कोणाकडून आले हे द्यावे. 'नेमका काळ आम्हांस ठाऊक नाही' हेही लिहावे. रिझर्व्ह बँकेच्या नावाचा दाखला कोणी पुढे केला तर भुलू नये; अशा व्यवहारांशी आपला संबंध नाही, असे बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केले आहे. शंभर वर्षांहून जुन्या नाण्यांचा व्यापार करायला १९७२ च्या कायद्याने परवाना लागतो, आणि जमिनीत पुरलेले धन सापडले तर आधी जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते.

खरे लिहिल्यावर किंमत उतरेल. मुलांची फी भरायची असताना ते जड जाते, हे आपण जाणतो. पण जे जास्तीचे पैसे मिळाले असते, ते नाण्याचे नव्हते. ती दुसऱ्याच्या अज्ञानाची किंमत होती, आणि ती घेण्याचा हक्क आपल्याला नाही.