न पडलेल्या पुलाचा हिशेब

पुणे-कोल्हापूर-बेळगावकडची रात्रीची बस सकाळी बेंगळुरूत शिरते ती तुमकूर रस्त्याने. नेलमंगल मागे पडले की पीण्या या औद्योगिक वसाहतीवरून जाणारा चार किलोमीटरहून लांब उड्डाणपूल लागतो. २५ डिसेंबर २०२१ रोजी तो अचानक बंद करण्यात आला. १०२ आणि १०३ क्रमांकांच्या खांबांमधल्या गाळ्यातील पोलादी केबल निकामी झाल्याचे आढळले होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये मोटारी आणि दुचाक्या सोडल्या गेल्या. ट्रक आणि बस यांना मात्र जुलै २०२४ उजाडेपर्यंत थांबावे लागले. तोवर अवजड वाहतूक खालच्या रस्त्यावर, कारखान्यांच्या गर्दीतून वाट काढत होती.

बंद झाला तेव्हा या पुलाचे वय होते जेमतेम अकरा-बारा वर्षे. पूल म्हातारे होतात असे आपण म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे ब्रिटिशांच्या काळातली दगडी कमान येते. पण दगडी कमान आपले दुखणे सहसा अंगावर दाखवते. सांध्यातला चुना झडतो, पिंपळ उगवतो, दगड सुटतो. पूर्वताणित काँक्रीटचे तसे नसते. तिथे गाळ्याच्या पोटातल्या नळ्यांमधून पोलादी तारांचे जुडगे ओवतात, ते जबरदस्त ताणतात आणि नळीत सिमेंटची पातळ लापशी दाबून भरतात. या भरावात कुठे पोकळी राहिली आणि तिथवर पाणी व हवा पोचली की तार आतल्या आत गंजू लागते. वरून डांबर गुळगुळीत, बाजूचा रंग ताजा, आणि ज्याच्या जोरावर सगळा भार पेलला आहे तो ताण मात्र ढिला पडत चाललेला.

म्हणून पीण्याच्या पुलाकडे मी आदराने पाहतो. कोणीतरी वाकून आत डोकावले, भारतीय विज्ञान संस्थेच्या तज्ज्ञांना बोलावले गेले, चाचण्या झाल्या, आणि राजधानीचे प्रवेशद्वार अडवण्याची जबाबदारी घेतली गेली. एकही माणूस दगावला नाही. तरीही लोकांच्या आठवणीत राहिली ती गैरसोय. बांधकाम कच्चे का राहिले, हा राग रास्तच आहे. पण वेळेवर पूल बंद करणाऱ्याला शाबासकी देण्याची रीत आपल्याकडे नाही, आणि ती नसल्याची किंमत आपण माणसांच्या जिवाने मोजतो.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीच्या पुरात जुना दगडी पूल गेला. एसटीच्या दोन गाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या. त्यानंतर नवा पूल उभा राहिला तो १६५ दिवसांत. हा वेग खरोखर कौतुकाचा आहे, आणि तोच मला सर्वांत अस्वस्थ करतो. पैसा होता, अभियंते होते, ठेकेदार होते. मग आधी कशाची वाट पाहत होतो? नंतरही असेच घडले: ७ ऑगस्ट २०२४ रोजी मध्यरात्रीनंतर कारवारजवळ काळी नदीवरचा गोव्याला जोडणारा जुना पूल कोसळला आणि एक ट्रक नदीत गेला. चालक बचावला.

दोष नुसत्या आळसाचा नाही, हिशेबाच्या रचनेतही आहे. नवा पूल भांडवली खर्चात जमा होतो. कोनशिला बसते, फीत कापली जाते, अर्थसंकल्पाच्या भाषणात आकडा मानाने वाचला जातो. देखभाल महसुली खर्चात, पगार आणि वीजबिलांच्या रांगेत. तंगी आली की पहिली कात्री तिथेच. भांडवली गुंतवणुकीसाठी केंद्र राज्यांना पन्नास वर्षांचे बिनव्याजी कर्ज देते, त्यातही देखभाल-दुरुस्तीची कामे बसत नाहीत. म्हणजे राज्याने पूल जपला तर पैसा स्वतःचा, आणि मोडू देऊन नवा बांधला तर मदत! तेराव्या वित्त आयोगाने रस्ते आणि पूल यांच्या देखभालीसाठी १९,९३० कोटी रुपयांचे वेगळे अनुदान सुचवले होते. ती वाट पुढे राजमार्ग व्हायला हवी होती. डी सिटर या अभियंत्याने १९८४ मध्ये मांडलेला ठोकताळा सांगतो की बांधतानाच एका रुपयात नीट होणारे काम पुढे ढकलत नेले, तर ते टप्प्याटप्प्याने पाच, पंचवीस आणि सव्वाशे रुपये मागते. घरातल्या गळक्या कौलाबाबत हे आपल्या आज्यांना ठाऊक होते.

तपासणीचा कागद असला म्हणजे झाले, असेही नाही. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळचा हिमालय पूल १४ मार्च २०१९ च्या संध्याकाळी कोसळला. त्याची संरचनात्मक तपासणी झालेली होती आणि किरकोळ दुरुस्त्या सुचवून तो वापरायोग्य ठरवला होता. तो अहवाल त्या पुलावरून रोज जाणाऱ्या किती जणांनी पाहिला असेल? तपासणी कोणी केली, कधी केली, काय आढळले, कोणती दुरुस्ती बाकी आहे, हे पुलाच्याच खांबावर, कन्नडमध्ये, मराठीत, जिथली जी भाषा असेल तीत, ठळक लिहिलेले असावे. सही करणाऱ्याचा हात मग जड होईल.

पीण्याचा पूल अवजड वाहनांना खुला झाला तेव्हा शुक्रवार त्यांच्यासाठी बंद ठेवला गेला, दुरुस्तीच्या कामासाठी. दुरुस्तीला पैशाइतकाच वेळही द्यावा लागतो, हे सरकारने उघडपणे मान्य केल्याचे मला फार थोड्या वेळा दिसले आहे.

आता याच शहरात हेब्बाळ ते सिल्क बोर्ड असा जमिनीखालचा रस्ता आखला जातो आहे. अंदाजित खर्च १७ हजार कोटींच्या घरात. बोगद्याला तर रोज हवा खेळवावी लागते, पाणी उपसावे लागते, दिवे आणि आग विझवण्याची यंत्रणा जागती ठेवावी लागते. मंजुरीच्या ठरावातच २०५० साली त्यातले पंप कोणी आणि कोणत्या खात्याच्या पैशाने बदलायचे, याची ओळ असली पाहिजे. ती लिहिल्याशिवाय बेंगळुरूच्या नागरिकांनी पहिल्या कुदळीला संमती देऊ नये.