औंढ्यातली दोन घरे

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात लोणावळ्याच्या बाजारात निळ्या ताडपत्र्यांच्या गुंडाळ्या दुकानाबाहेर उभ्या राहतात, आणि औंढे परिसरातल्या बंगल्यांचे मालक मुंबई-पुण्याहून रखवालदाराला फोन लावू लागतात. गच्ची झाडली का, पन्हळी मोकळ्या केल्या का, मागच्या वर्षी गळलेला कोपरा पुन्हा भरून घेतला का. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. पासष्ट किलोमीटरवरच्या पुणे शहरात सरासरी सातशेच्या आसपास. पुण्याच्या हवेत वीस वर्षे मुकाट्याने उभे राहणारे घर इथे चौथ्या-पाचव्या पावसाळ्यात बोलू लागते.

ते कसे बोलते, हे जवळ जाऊन पाहावे. गच्चीवरचा कोबा आणि कठडा जिथे मिळतात तिथे केसाएवढी चीर पडते. पाणी त्या चिरेतून आत शिरते, स्लॅबमध्ये आडवे पसरते आणि भलत्याच खोलीत, पंख्याच्या हुकाशी थेंब धरते. म्हणून गळती जिथे दिसते तिथे नसते, आणि दुरुस्ती दोनदा-तीनदा करावी लागते. दार फुगून कडी बसेनाशी होते. भिंतीला टेकवलेल्या कपाटाच्या पाठीवर पांढरी बुरशी चढते. सोमवार ते शुक्रवार बंद असलेल्या घराला वारा नाही, चुलीची ऊब नाही. गाद्यांना धरलेली ओल दिवाळीपर्यंत जात नाही.

खर्च मात्र घर बंद असले तरी चालू राहतो. रखवालदाराचा पगार, माळी, ग्रामपंचायतीची घरपट्टी आणि पाणीपट्टी, बंगल्यांच्या वसाहतीतला मेंटेनन्स, आणि महिन्यात एक दिवा लागला नाही तरी महावितरणच्या बिलात येणारा स्थिर आकार. हा बोजा पेलण्यासाठी बरेच मालक बंगला शनिवार-रविवारी पर्यटकांना भाड्याने देतात. मग ज्या शनिवार-रविवारसाठी घर बांधले, तेच दिवस परक्यांचे होतात, आणि मालक आपल्याच घरी जायला मंगळवार शोधतो. हा हिशेब घर घेताना कोणी मांडून दाखवत नाही, आणि तो मांडला जायला हवा.

शेवटी घर विकायचे ठरते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग 2002 मध्ये पूर्ण झाला तेव्हापासून या टापूत जमिनीची किंमत चढत गेली, त्यामुळे विक्री सोपी असेल असे वाटते. पण गिऱ्हाईक जुना बंगला पाहते आणि त्याच पैशात नवा, तरणतलावासह मिळतो का हे विचारते. लोणावळ्याजवळच गिऱ्हाईक न मिळण्याचे एक अवाढव्य उदाहरण आहे. सहारा समूहाच्या अॅम्बी व्हॅलीचा लिलाव करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2017 मध्ये दिला. राखीव किंमत ठरली 37,392 कोटी रुपये. देशातल्या सर्वोच्च न्यायालयाचा हुकूम असूनही त्या किमतीला ती मालमत्ता विकली गेली नाही. किंमत कागदावर लिहिता येते, गिऱ्हाईक लिहिता येत नाही. एवढ्या मोठ्या मालमत्तेला जे चुकले नाही ते चार खोल्यांच्या बंगल्याला कसे चुकणार?

गिऱ्हाईक मिळालेच तर त्याचा वकील कागद मागतो, आणि इथे खरी दमछाक सुरू होते. तीस वर्षांचा शोध अहवाल, सातबारा, फेरफार, एनएचा आदेश, बांधकामाची परवानगी, भोगवटा दाखला. 1947 च्या तुकडेबंदी कायद्यामुळे ठरावीक क्षेत्राहून लहान शेतजमीन तोडून विकता येत नाही. ऑगस्ट 2023 मध्ये हे प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीला 20 आणि बागायतीला 10 गुंठे ठरले. त्याआधीच्या काळात पाच-पाच गुंठे घेणाऱ्यांची नावे अनेक ठिकाणी एकाच सामाईक सातबाऱ्यावर चढली. असा एक हिस्सा विकायचा म्हटले की ज्यांची तोंडे वर्षानुवर्षे पाहिली नाहीत त्या सहहिस्सेदारांच्या सह्या शोधत फिरावे लागते. काहींनी केवळ कुलमुखत्यारपत्रावर व्यवहार केले होते. अशा कागदाने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने सूरज लॅम्प प्रकरणात ऑक्टोबर 2011 मध्ये स्पष्ट केले. वसाहतीतले रस्ते आणि मोकळी जागा अजून विकसकाच्याच नावावर असतील तर आणखी एक गाठ. मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजे विकसकाच्या सहीशिवाय मालकी रहिवाशांच्या संस्थेकडे आणण्याची, सोय कायद्यात 2008 पासून आहे, पण अर्ज करायला सगळ्या बंगलेवाल्यांनी एकत्र तर यायला हवे!

कराचा हिशेब थोडक्यात असा. समजा 2010-11 मध्ये 30 लाखांना घेतलेले घर 2025-26 मध्ये एक कोटीला विकले. साध्या हिशेबाने नफा 70 लाख, त्यावर साडेबारा टक्के, म्हणजे 8 लाख 75 हजार. जुलै 2024 पूर्वी घेतलेल्या घरासाठी निवासी व्यक्तीला महागाई निर्देशांक लावून वीस टक्क्यांचा दुसरा मार्गही खुला आहे. त्या वाटेने खरेदीची किंमत साडेसदुसष्ट लाखांवर जाते आणि कर साडेसहा लाखांच्या आत येतो. सव्वादोन लाखांचा फरक, आणि तो फक्त विचारणाऱ्यालाच मिळतो. शिवाय घर पन्नास लाखांचे किंवा त्याहून महाग असेल तर खरेदीदार एक टक्का कर कापूनच पैसे देतो. भाव रेडी रेकनरपेक्षा दहा टक्क्यांहून अधिक खाली आला, तर प्राप्तिकर खाते रेकनरचीच किंमत खरी धरते. गळक्या, पडेल भावात द्याव्या लागलेल्या घराच्या मालकाला हा नियम फार जाचतो.

हे झाले बंगल्याचे. औंढ्यासारख्या गावात दुसरेही घर असते, गावठाणातले. जोत्यावर उभे, पडवीत इंद्रायणीच्या भाताची पोती, वर कौले किंवा पत्रा. तिथे माणसे बारा महिने राहतात, चूल रोज पेटते, त्यामुळे भिंती कोरड्या राहतात. ते घर जिवंत आहे, पण त्याच्याकडे कागद नाही. गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. दोन हजारांहून कमी वस्तीच्या गावांचे नगर भूमापन बहुतेक झालेच नव्हते. घरमालकाच्या हाती असतो ग्रामपंचायतीचा नमुना आठ, आणि तो घरपट्टी आकारण्याचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नाही. त्यावर बँक कर्ज देताना कचरते. मुलीच्या शिक्षणासाठी घर गहाण टाकायचे म्हटले तर बाप खाली मान घालून परत येतो.

यावरचा उपाय पुणे जिल्ह्यातच आधी आजमावला गेला, ही अभिमानाने सांगायची गोष्ट आहे. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात ड्रोनने गावठाण मोजण्याचा प्रयोग झाला. पुढे 24 एप्रिल 2020 रोजी केंद्राची स्वामित्व योजना सुरू झाली. मोजणीनंतर घरमालकाला सनद आणि मिळकत पत्रिका मिळते. पण ड्रोन छप्पर मोजतो, छपराखालचे वाटे मोजत नाही. आजोबांच्या नावावरचे घर, तीन भाऊ, दोन बहिणी, त्यातली एक डोंबिवलीला. वारस नोंद झालेली नाही.

बहिणींची सही आणायची म्हटली की घरात कुरकुर होते, आणि एजंटही ती ‘अडचण’ म्हणून सांगतो. तो शब्द चुकीचा आहे. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क दिला, आणि वडील तेव्हा हयात होते की नाही याने त्यात फरक पडत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 रोजी सांगितले. बहिणीची सही म्हणजे तिचा हिस्सा. हक्कसोडपत्रावर तिचा अंगठा घेण्याआधी ‘ताई, तुझ्या वाट्याचे किती ठरवायचे?’ असे विचारणारे भाऊ मावळात आहेत. ते आणखी हवेत.

बंगला विकला जावो की गावठाणातले घर, वाट सरकारी कचेऱ्यांवरूनच जाते. मुद्रांक शुल्क आधी भरायचे, वर नोंदणी फी एक टक्का, जास्तीत जास्त तीस हजार. मग दुय्यम निबंधकासमोर दोन्ही पक्षांचे फोटो, यंत्रावर बोटांचे ठसे, ओळख पटवायला दोन माणसे. भातलावणीच्या दिवसांत राबलेल्या बोटाचा ठसा यंत्र पहिल्या फटक्यात घेत नाही. एखादे आजोबा बोट धोतराला पुसतात, पुन्हा ठेवतात. दस्त हाती आला तरी नाव बदलायला फेरफाराची नोटीस निघते, हरकतींसाठी पंधरा दिवस जातात, वीजमीटर आणि घरपट्टीचे अर्ज वेगळे द्यावे लागतात. तोवर बाहेर पाऊस लागलेला असतो, आणि गच्चीवरची ताडपत्री कोणी घट्ट बांधायची, यावर जुना मालक आणि नवा मालक फोनवर बोलत असतात.