जीपचा हूड

जीपचा हूड, म्हणजे तिचे कापडी छत, बदलायचे तर वैशाखात बदलावे. देऊळगाव राजात रोहिण्या लागण्याआधीचे ऊन असे असते की दुपारी बॉनेटवर हात टेकवत नाही, आणि नव्या हूडला नेमके तेच ऊन लागते. रेक्झिनवरचा प्लॅस्टिकचा थर तापून मऊ पडतो, कापड दोन बोटे जास्त ताणले जाते, कोपऱ्यांतल्या सुरकुत्या निघतात. तोच हूड थंडीत चढवला तर ओढताना टिचबटणे उपटून येतात. चढलाच तरी पहिल्या कडक उन्हात सैल पडून मधोमध झोळ धरतो. त्या झोळात मृगाचे पाणी साचते, शिवणीवर भार येतो आणि गळती सुरू होते.

आपल्याकडे उघड्या टपाची गाडी म्हणजे जीप. दुसऱ्या महायुद्धासाठी अमेरिकेत घडलेली ही गाडी 1947 पासून महिंद्राने मुंबईत जोडायला घेतली, आणि पुढे शेतीखात्यापासून पोलिसांपर्यंत सगळ्यांच्या दारात ती उभी राहिली. जालना-चिखली रस्त्यावरच्या माणसांना ती काळी-पिवळी म्हणून जास्त ओळखीची. एसटी चुकली की काळी-पिवळी. कापडी छताखाली माणसे, बी-बियाणे, लग्नाचा बस्ता, आजारी म्हातारी, सगळे दाटीवाटीने बसलेले. त्या दाटीत जीव धोक्यात घालून प्रवास व्हायचा, हे विसरून त्या दिवसांचे गोडवे गाऊ नयेत. पण ते छत कापडी होते आणि तरीही वर्षानुवर्षे कामाला आले, याचे मला फार मोल वाटते.

ते चालले कारण जीपचे बळ छतात नव्हतेच. तिची सगळी ताकद खालच्या चासीत, शिडीसारख्या त्या दोन लांब पोलादी पट्ट्यांत आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या तुकड्यांत. आजच्या बहुतेक मोटारींना वेगळी चासीच नसते. तळ, खांब आणि छत मिळून एकच पेटी होते आणि ताण सगळीकडे वाटला जातो. अशा मोटारीचे छत कापून तिला उघडी केली की ती वळणावर पिळवटते. मग कारखान्याला तळाशी जादा पोलाद घालावे लागते, आणि छत नसलेली गाडी छत असलेल्या गाडीपेक्षा जड भरते. वरचे हलके ठेवायचे तर खालचे भक्कम करावे लागते, याचा इतका रोकडा पुरावा मला दुसरीकडे सापडलेला नाही.

जुना हूड उतरवल्यावर कारागीर टेप घेऊन गाडीभोवती फिरत बसत नाही. तो जुना हूड जमिनीवर पसरतो आणि ब्लेडने शिवण उसवतो. छताची पट्टी वेगळी, बाजूचे पडदे वेगळे, मागचा पडदा त्यातल्या पिवळ्या पडलेल्या प्लॅस्टिकच्या खिडकीसह वेगळा. उन्हाने ते प्लॅस्टिक कडक झालेले असते, कारण त्याला लवचिक ठेवणारे द्रव्य हळूहळू उडून जाते. घडी घालायला गेलात तर ते तडकते. मग हे तुकडे नव्या कापडावर ठेवून खडूने रेघ मारली जाते. जिथे जुने कापड ताणून वाढले असेल तिथे रेघ आत घ्यायची, जिथे आटले असेल तिथे बाहेर. हा अंदाज कुठल्या पुस्तकात नाही. गीतेत जीर्ण वस्त्र टाकून नवे घेण्याचा दृष्टांत आहे, तो आपण अंत्यविधीच्या वेळी नेहमी ऐकतो. हूड शिवणाऱ्याच्या अंगणात मात्र जीर्ण वस्त्र लगेच टाकले जात नाही. आपल्या जागेवर येणाऱ्याला माप देऊन मगच ते बाजूला होते.

शिवणीची गोष्ट तर आणखी बारकाईची. जाड सुईचे प्रत्येक भोक म्हणजे पाण्याला वाट. जुन्या कॅनव्हासवर सुती दोरा वापरत, तो ओला झाला की फुगून आपले भोक आपणच बुजवतो. कॅनव्हासचे धागेही तसेच फुगतात, म्हणून विणलेले कापड पाऊस अडवू शकते. पण सुताला ओल आणि बुरशी खाते. पॉलिस्टरचा दोरा कुजत नाही, पण फुगतही नाही. म्हणून छतावर एकावर एक दुमड घालून दुहेरी टीप मारायची, आणि दुमडीचे तोंड उताराच्या दिशेला ठेवायचे. कौले घालताना जो नियम, तोच इथे.

कापडाखाली राहणे म्हणजे तात्पुरते राहणे, असे आपण धरून चालतो. इतिहास तसे सांगत नाही. आइन-ए-अकबरीत बादशाही तळाच्या एका मुक्कामाचे सामान वाहायला 100 हत्ती, 500 उंट, 400 गाड्या आणि 100 हमाल लागत, अशी नोंद आहे. ते चालते-फिरते शहर होते, आणि त्याच्या भिंती कापडाच्या होत्या. ज्या सिंदखेडच्या जाधवांच्या घराण्याने देऊळगाव राजा नावारूपाला आणले, त्यांचेही आयुष्य वाड्याइतकेच डेऱ्या-राहुट्यांत गेले असणार. एकोणिसाव्या शतकात गॉटफ्रीड झेंपर या जर्मन वास्तुकाराने तर मांडले की भिंतीचे मूळ दगडात नसून विणलेल्या चटईत आणि पडद्यात आहे. ते वाचताना मला आश्विनातला इथला बालाजीचा मंडपोत्सव आठवतो. उंच लाकडी लाटा उभ्या करून मंडप चढवायला सारा गाव लोटतो. दगडी देऊळ एकदा बांधून झाले. मंडपाला मात्र दर वर्षी हात लागतात, आणि ते हात तयार ठेवण्याचे काम मंडपच करतो.

आज तालुक्यात सर्वांत जास्त कापड ताणले जाते ते शेतात. मिरची, टोमॅटो, काकडीच्या बीजोत्पादनासाठी इथल्या शेतकऱ्यांनी शेडनेट उभी केली. पाइपच्या कमानी, वर जाळी, कडेला ताणतारा: रचना हूडचीच. नोव्हेंबर 2023 च्या गारपिटीने ही शेडनेट झोडपली तेव्हा हंगाम किती कोवळ्या छताखाली उभा असतो हे जिल्ह्याने पाहिले. छत फाटले की नवे घालता येते. त्याखालचा हंगाम परत येत नाही.

2020 साली महिंद्राची नवी थार आली तेव्हा कापडी आणि टणक अशी दोन्ही छते मिळू लागली. टणक छताखाली एसी नीट लागतो, आवाज कमी येतो, चोराला ब्लेड पुरत नाही. या सोयी खऱ्या आहेत आणि रोज लांब जाणाऱ्याने टणक छतच घ्यावे. उलटलेल्या गाडीत कापड कुणाला वाचवत नाही. वाचवतो तो आतला पोलादी रोल केज. म्हणून जुन्या जीपला नवा हूड घालणाऱ्याने आधी सीटचे पट्टे आणि केज यांवर खर्च करावा, कापडाचा रंग मागाहून निवडावा.

पण ज्यांच्या अंगणात जुनी जीप उभी आहे त्यांना एक विनंती. तयार हूड पार्सलने घरी येतो, बसतोही, फक्त तो कुठल्याच एका गाडीचा नसतो. वीस-पंचवीस वर्षे खडकाळ रस्त्यांवर चाललेल्या जीपच्या कमानी थोड्या तरी वाकलेल्या असतात, आणि ते वाकणे ज्याने हाताने चाचपले त्याचाच हूड तिथे घट्ट बसतो. तालुक्याच्या गावात कुशन आणि ताडपत्रीचे काम करणारा कारागीर अजून आहे. रोहिण्या लागायच्या आत गाडी त्याच्याकडे न्या, जुना हूड सोबत द्या, आणि तो शिवत असताना घरातल्या एखाद्या पोराला तिथे बसवा.