शुद्धिपत्राची किंमत

गोदावरी ही बीड जिल्ह्याची उत्तरेची शीव. नदीच्या पलीकडच्या काठावर, थोडं वरच्या अंगाला, पैठण. संन्यास सोडून संसारात परतलेल्या विठ्ठलपंतांची चार मुलं तिथल्या ब्रह्मवृंदापुढे शुद्धिपत्र मागायला उभी राहिली, असं परंपरा सांगते. त्याआधी आईवडिलांनी देहान्त प्रायश्चित्त घेतलं होतं. शके 1209, म्हणजे 1287 साली ते पत्र मिळालं, असं मानतात. एका कागदापायी दोन जीव गेले. पुढे तीनच वर्षांनी, शके 1212 मध्ये, नेवाशाला ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. त्या चार भावंडांना महाराष्ट्र आज ओळखतो, तो शुद्धिपत्रामुळे नव्हे.

ही कथा आज आठवावी असं कारण बीडमध्येच आहे. दसरा झाला की इथली हजारो कुटुंबं उसाच्या फडाकडे निघतात. निघण्याआधी मुकादमाकडून उचल घेतात, नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात आणि पुढचे महिने ती उचल फेडण्यात जातात. अशा घरातली पोरगी बारावीनंतर गुन्हेशास्त्राचा किंवा फौजदारी न्यायाचा सर्टिफिकेट कोर्स करायचा म्हणते, तेव्हा कोर्सचं शुल्क म्हणजे आईबापांनी तोडलेला ऊसच असतो. त्या पैशाचं फळ काय, हा प्रश्न मग हिशेबाचा तेवढाच धर्माचाही होतो.

आधी हिशेब, आणि तो स्पष्टच सांगायला हवा. पोलीस शिपाई भरतीला बारावी पुरते. मैदानी चाचणी 50 गुणांची: मुलांना 1600 मीटर धावणं, मुलींना 800, शिवाय 100 मीटर आणि गोळाफेक. लेखी परीक्षा 100 गुणांची. तिच्यात अंकगणित, बुद्धिमत्ता, सामान्य ज्ञान आणि मराठी व्याकरण. फौजदारी न्यायाच्या सर्टिफिकेटला यात एकही गुण नाही. उपनिरीक्षक व्हायचं तर कोणत्याही शाखेची पदवी आणि लोकसेवा आयोगाची परीक्षा. वकिलीला एलएलबी आणि सनद. न्यायवैद्यक प्रयोगशाळेत शिरायचं तर विज्ञानाची पदवी. हे शेवटचं दार मात्र आता रुंदावतं आहे. सात वर्षं किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जावं, असं नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 176 सांगतं. पण तिथेही सहा महिन्यांचा कागद पदवीची जागा घेत नाही.

म्हणजे केवळ नोकरीसाठी हा खर्च करू नये. इथवर मत ठाम आहे.

यावर एक उत्तर तयारच असतं. फळाची आशा धरू नकोस, विद्या ही विद्येसाठी. गीतेचा हा उपदेश मराठी मनात खोल रुजला आहे आणि तो खरा आहे. फक्त तो कुणी कुणाला करायचा, हे पाहिलं पाहिजे. शिकणाऱ्याने स्वतःच्या मनाशी म्हटला तर तो योग आहे. नोकरीची आशा लावून शुल्क घेणाऱ्याने, नोकरी मिळाली नाही म्हणून परत आलेल्या पोराला तोच ऐकवला तर तो अधर्म आहे. उचलीवर जगणाऱ्या घराकडे फळाचा विचार करू नका असं म्हणायचा हक्क कोणालाच पोहोचत नाही.

मग ही विद्या निरुपयोगी का? मुळीच नाही. केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचं 9 डिसेंबर 2024 ला अपहरण करून त्यांचा खून करण्यात आला. त्यानंतरच्या महिन्यांत मकोका, सीडीआर, एसआयटी, दोषारोपपत्र हे शब्द जिल्ह्यात चहाच्या टपरीवर बोलले जाऊ लागले. लोकांनी ते दुःखातून शिकून घेतले. त्याच वर्षी 1 जुलैपासून कायदाही बदलला होता. भारतीय दंड संहितेची 511 कलमं जाऊन न्याय संहितेची 358 आली आणि तोंडपाठ असलेला 302 आकडा 103 झाला.

अशा वेळी गावात एक जण तरी जाणता असावा लागतो. एफआयआरची प्रत फिर्यादीला फुकट मिळते, हे त्याला ठाऊक हवं. तपास कुठवर आला, ते पोलिसांनी 90 दिवसांत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवायचं असतं आणि अटक केलेल्याला 24 तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभं करावं लागतं, हेही. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या कलम 12 नुसार स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींना, कोठडीतल्यांना आणि वेठबिगारीच्या पीडितांनाही मोफत वकील मिळतो, त्यांना उत्पन्नाची अट नाही. वेठबिगारी 1976 च्या कायद्याने बंद झाली. उचल फिटली नाही म्हणून कुणाला अडकवून ठेवलं, तर मोफत वकिलाचं हे कलम 12 फडापर्यंत पोहोचायला हवं. ते पोहोचवणाऱ्याला पोलिसात नोकरी नसली तरी चालते.

बीड जिल्ह्यातल्याच अंबाजोगाईत मुकुंदराजांची समाधी दाखवतात. त्यांच्या ‘विवेकसिंधु’चा काळ शके 1110, म्हणजे 1188 साल. अद्वैतासारखा कठीण विषय त्यांनी लोकांच्या मराठीत आणला. कायद्याला आज अशाच माणसांची वाट आहे, आणि कायदा शिकण्याचं मोल नोकरीबाहेर कुठे असेल तर ते इथे आहे. आईबापांचं ऋण पगारातून फिटलं तर उत्तमच. पण आईला ठाण्यात ताटकळावं लागलं, तेव्हा लेकीने तिच्या शेजारी उभं राहून एफआयआरची प्रत मागितली, तर तेही ऋण फेडणंच होय.

म्हणून बीडच्या मुलामुलींना एक विनंती. शुल्क भरण्याआधी त्या संस्थेकडून लेखी घ्या: हे प्रमाणपत्र कोणत्या भरतीत, कोणत्या नियमाने ग्राह्य धरतात. उत्तर मिळालं नाही तर ते पैसे पदवीसाठी ठेवा. आणि कायदा शिकायची ओढ खरोखरच असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जाऊन विधी स्वयंसेवकांची निवड कधी होते ते विचारा. निवड झालेल्यांना कायद्याचं प्रशिक्षण तिथेच देतात.