रोजा, मजुरी आणि तक्वा

भिवंडीसारख्या यंत्रमागांच्या शहरात रोज्याविषयी एक प्रश्न साहजिकच निर्माण होतो. मागावर काम करताना कापसाचे बारीक तूस नाकातोंडात जाते, त्याने रोजा तुटतो काय? धर्मशास्त्रज्ञांचे उत्तर स्पष्ट आहे. जी धूळ टाळणे माणसाच्या हाती नाही, तिने रोजा तुटत नाही. गिरणीत उडणाऱ्या पिठाचा आणि रस्त्यावरील धुळीचा नियमही हाच. कारागिराने निश्चिंत मनाने रोजा ठेवावा.

परंतु त्याच कारखान्यात आणखी एक प्रश्न उभा असतो आणि तो क्वचितच विचारला जातो. कारागीर रोजेदार आहे, मालकही रोजेदार आहे. मालकाची तरावीह चुकत नाही, घरी इफ्तारचा दस्तरखान मोठा असतो. मात्र कारागिराची मीटरप्रमाणे झालेली मजुरी थकलेली आहे. या मालकाच्या रोज्याचे काय?

पवित्र कुरआनात रोज्याचा आदेश सूरह अल्-बकरामध्ये आला आहे आणि त्याचा उद्देशही तेथेच सांगितला आहे: तुमच्यात तक्वा, म्हणजे ईशपरायणता, निर्माण व्हावी. ही ईशपरायणता रोज्याने कशी येते, हे वुजू करताना कळते. तोंडात पाणी घेतलेले असते, घसा कोरडा असतो. एक घोट गिळला तर शेजारी बसलेल्यालाही समजणार नाही. तरी रोजेदार ते पाणी थुंकून टाकतो, कारण पाहणारा कोण आहे हे त्याला ठाऊक असते. नमाज लोकांना दिसते, हज दिसते, जकातीला घेणारा साक्षी असतो. रोजा मात्र दास आणि त्याचा पालनकर्ता यांच्यातच राहतो. ज्याने पाण्याच्या थेंबाबाबत इतकी दक्षता पाळली, त्याने हिशेबाच्या वहीबाबतही ती पाळावी, यासाठीच हे एक महिन्याचे शिक्षण आहे.

हा आपला तर्क नव्हे. आयतींचा क्रमच तसा आहे. रोज्याचे नियम सांगणारा भाग 183व्या आयतीपासून 187व्या आयतीपर्यंत चालतो. शेवटच्या आयतीत सहरीची मर्यादा सांगताना पांढऱ्या व काळ्या धाग्याची उपमा आली आहे. माननीय अदी बिन हातिम (रजि.) यांनी ती शब्दशः घेतली आणि उशीखाली दोन दोऱ्या ठेवल्या. तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी समजावले की पहाटेचा उजेड आणि रात्रीचा अंधार असा तिचा अर्थ आहे. सुतावर जगणाऱ्या आपल्या गावाला ही हकीकत जवळची वाटावी. पण तिच्यापुढेच 188वी आयत आहे आणि तेथे आपण बहुधा थांबत नाही. एकमेकांची मालमत्ता अन्यायाने खाऊ नका, असा तिचा आशय आहे. आधी ‘खा आणि प्या’ याची वेळ ठरवून दिली आणि लगेच जे कोणत्याही वेळी खायचे नाही ते सांगितले. स्वतःच्या घरची हलाल भाकरी तीस दिवस दिवसा वर्ज्य होते. दुसऱ्याच्या घामाचा पैसा मात्र बाराही महिने, दिवसरात्र वर्ज्य आहे. त्याला इफ्तारची वेळ नाही.

प्रेषितांनी (स.) एकदा सोबत्यांना विचारले की दिवाळखोर कोणाला म्हणावे. ज्याच्याजवळ पैसा नाही, सामान नाही, तो, असे उत्तर त्यांनी दिले. त्यावर प्रेषितांनी (स.) सांगितले ते व्यापारी गावाने कान देऊन ऐकावे असे आहे. खरा दिवाळखोर अंतिम निवाड्याच्या दिवशी नमाज, रोजे व जकात घेऊन येईल. पण त्याने कोणाला शिवी दिली असेल, कोणाचा माल खाल्ला असेल, कोणाला मारले असेल. त्याची पुण्ये त्या लोकांना वाटली जातील आणि ती संपल्यावर त्यांची पापे त्याच्या माथी येतील. म्हणजे त्याचे रोजे खरे होते, पण ते दुसऱ्याच्या खात्यात गेले. बुखारीच्या हदीससंग्रहात तर अल्लाह स्वतः ज्या तिघांविरुद्ध उभा राहील, त्यांत मजुराकडून पूर्ण काम घेऊन मजुरी न देणारा आहे.

येथे मालकाची बाजूही प्रामाणिकपणे पाहिली पाहिजे. भिवंडीतील कितीतरी मालक जॉबवर माग चालवतात. सूत व्यापाऱ्याचे, कापड व्यापाऱ्याचे, यांना मिळते ती विणाई. आणि तीच अडकली तर कारागिराला द्यायचे कोठून? शरीयतने हा भेद केला आहे. ऐपत असून देणे लांबवणे हा जुलूम, असे हदीसमध्ये आहे. तर खरोखर अडचणीत असलेल्याला सवड द्यावी, असा कुरआनचा आदेश आहे. आपण या दोहोंपैकी कोण, हे दुसरा ठरवू शकत नाही. ईदचे कपडे, उमराहची तिकिटे आणि इफ्तारच्या दावती यांचा खर्च निघत असेल, तर ‘अडचण’ हा शब्द जपून वापरावा. 1857 नंतर उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या मोमीन विणकरांनी या गावात माग रुजवले. आजच्या अनेक मालकांचे आजोबा स्वतः मागावर उभे राहिलेले आहेत. आज उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातून आलेला कारागीर बारा तासांची पाळी करतो. रमजान मे महिन्यात आला की येथील रोजा सुमारे साडेचौदा तासांचा होतो. त्याने खानावळीची उधारी कशी भागवावी?

एक चूक विशेष सांगण्यासारखी आहे. रमजानमध्ये जकात काढताना काही जण थकलेल्या मजुरीपोटी किंवा ठरलेल्या बोनसपोटी कारागिराला जकातीची रक्कम देतात. याने जकात अदा होत नाही. मजुरी हे मालकावरील कर्ज आहे आणि स्वतःचे कर्ज जकातीतून फेडता येत नाही. कारागीर गरजू असल्यास त्याला जकात अवश्य द्यावी. पण ती मजुरीहून वेगळी असावी आणि तिच्या बदल्यात कामाची अपेक्षा नसावी. मजुरी आधी, जकात नंतर.

रमजानच्या अखेरच्या दहा दिवसांत कितीतरी कारागीर ईदसाठी गावी निघतात. त्यांची गाडी सुटण्यापूर्वी हिशेब पुरा व्हावा. ज्याला खरेच शक्य नाही, त्याने कारागिराला समोर बसवून देणे किती, तारीख कोणती, हे साक्षीदारांदेखत लिहून द्यावे. कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे आणि लिखाण देणेकऱ्याने सांगावे, त्यात काही कमी करू नये, असे तीत बजावले आहे. ती याच सूरहमध्ये, 282व्या क्रमांकावर आहे.