नवस कुणाच्या कानावर जातो?

कुंभकोणम् आणि त्याच्या आसपासच्या मुलखातल्या देवळांनी माणसांच्या अडचणी जणू आपापसांत वाटून घेतल्या आहेत. लग्न जमत नसेल तर तिरुमणंजेरी, मंगळाचा त्रास असेल तर वैद्यीश्वरन् कोविल, राहूसाठी तिरुनागेश्वरम्, गुरूसाठी आलंगुडी. मूल होत नसेल किंवा राहिलेला गर्भ टिकत नसेल तर तिरुकरुगावूरची गर्भरक्षांबिका. मूल हवं असणाऱ्या जोडप्याला तिथे तुपाचा प्रसाद मिळतो, गरोदर बाईला एरंडेलाचा. नवग्रहांच्या यात्रेला जाणाऱ्या मराठी कुटुंबांना ही नावं परकी नाहीत.

म्हणूनच यातलं एखादं नाव मोबाइलवर शोधणं ही साधी चौकशी राहत नाही. सासरी-माहेरी कुणाजवळही न बोललेलं दुःख एखादी बाई रात्री शोधाच्या चौकटीत टाइप करते. तिथून ती एखाद्या यात्रा कंपनीच्या संकेतस्थळावर जाते. अशा पानांवर पुष्कळदा जाहिरात कंपन्यांचा एक अदृश्य कोड बसवलेला असतो. कोणतं पान उघडलं, त्यावर किती वेळ घालवला, फोन कोणता, शहर कोणतं, हे तो मालकांना कळवतो. मग तिच्यासमोर जाहिरात दाखवण्याच्या हक्काचा डोळ्याचं पातं लवायच्या आत लिलाव होतो. बोली लावणाऱ्यांत वंध्यत्वावर उपचार करणारं केंद्र असू शकतं, ज्योतिषी असू शकतो, कर्ज देणारा असू शकतो. तिचं नाव कळण्याची कुणालाच गरज पडत नाही. तिची अडचण कळली की पुरतं.

देवळात अर्चना करताना पुजारीही नाव, नक्षत्र आणि गोत्र विचारतात. देवापुढे त्याचा उच्चार करतात आणि पुढच्या भक्ताकडे वळतात. सांगितलेलं तिथेच संपतं. ऑनलाइन पूजेचा अर्ज हेच विचारतो, शिवाय जन्मवेळ, मोबाइल क्रमांक, पत्ता आणि ‘पूजेचे कारण’. तो मात्र काही विसरत नाही.

नोंद ठेवणं मुळात वाईट, असं मी म्हणणार नाही. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत आपल्या पणजोबांची सही सापडते तेव्हा गळा दाटून येतो. या वह्यांमागच्या वृत्ती, म्हणजे उपाध्यायांचे वंशपरंपरागत हक्क, विकल्या गेल्या, गहाण पडल्या, त्यांवरून भाऊबंदकीही झाली. तरीही वही उघडायची ती त्या कुळातला कुणी दारात आला म्हणून, त्याच्याच विधीसाठी. आजच्या वहीचं पान मात्र कुणासाठीही उघडतं, आणि ज्याचं ते पान त्याला पत्ताही नसतो.

श्रद्धेच्या क्षेत्रात असं कोण करील, असं वाटेल. पण तसं घडलं आहे. ‘मुस्लिम प्रो’ हे नमाजाच्या वेळा सांगणारं, जगभर कोट्यवधींनी उतरवून घेतलेलं ॲप. ते वापरणारे कुठे आहेत याची माहिती ‘एक्स-मोड’ नावाच्या कंपनीकडे आणि तिच्यामार्फत अमेरिकी लष्कराच्या कंत्राटदारांकडे जात असल्याचं नोव्हेंबर 2020 मध्ये ‘व्हाइस’ या माध्यमसंस्थेच्या पत्रकारांनी उघड केलं. ॲपने त्या कंपनीशी संबंध तोडला, पण गेलेली माहिती परत कशी आणणार?

आपल्याकडे 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यानंतर सहा वर्षांनी, 2023 मध्ये, डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला. माहिती कशासाठी हवी ते आधी सांगायचं, तेवढ्यापुरतीच वापरायची, आणि संमतीची विनंती आठव्या अनुसूचीतल्या भाषांतही उपलब्ध ठेवायची, म्हणजे तमिळमध्ये आणि मराठीतही, असं तो म्हणतो. माहितीच्या सुरक्षेत हयगय झाली तर दंड 250 कोटी रुपयांपर्यंत. अठरा वर्षांखालच्या मुलांना लक्ष्य करून जाहिराती दाखवायलाही मनाई आहे. हे सगळं स्वागतार्ह आहे. मात्र 2019 च्या विधेयकात आरोग्य आणि धर्मश्रद्धा यांसारख्या ‘संवेदनशील’ माहितीचा वेगळा वर्ग होता, तो या कायद्यात उरला नाही. चपलेचं माप आणि गर्भपाताची आठवण त्याच्या लेखी एकाच तोलाची. ही त्रुटी मला गंभीर वाटते.

ती दूर होईपर्यंत जबाबदारी धंदा करणाऱ्यांवर येते. यात्रा कंपनीला गाडी ठरवायला माणसांची संख्या आणि तारीख लागते, गोत्र लागत नाही. पूजेसाठी नक्षत्र घ्यायचं असेल तर पूजा होताच ते पुसून टाकता येतं, आणि तसं अर्जावर ठळक मराठीत लिहिताही येतं. त्याला काही मोठा खर्च नाही. जाहिरातीने गिऱ्हाईक एकदा येतं. आपलं दुःख इथून बाहेर गेलं नाही अशी खात्री पटली तर ते शेजारणीलाही तिथेच पाठवतं.

या दिवाळीनंतर दक्षिणेच्या यात्रेचं बुकिंग करणार असाल तर अर्जातल्या प्रत्येक रकान्याबद्दल विचारा: हे कशासाठी हवं, कुणाला देणार, कधी पुसणार? नीट उत्तर मिळालं नाही तर तो रकाना कोरा सोडा. कोरा चालत नसेल तर दुसरी कंपनी शोधा.