राखणदाराची पारख

सप्टेंबर २०१७ मध्ये सीक्लीनरची बातमी फुटली, तेव्हा सगळ्यात मोठा धक्का बसला तो संगणकाची नीट निगा राखणाऱ्यांनाच. केरकचरा काढणारं, विंडोजच्या रजिस्ट्रीतल्या, म्हणजे सेटिंगच्या नोंदवहीतल्या, जुन्या नोंदी पुसणारं, संगणक सुरू होताना कोणकोण आपोआप चालू होतं त्याची यादी दाखवणारं हे सॉफ्टवेअर. त्याच्या ५.३३ या आवृत्तीत घुसखोरांनी आपला कोड मिसळला होता, तोही फाइल कंपनीबाहेर पडण्याआधीच. जवळजवळ महिनाभर ती आवृत्ती कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून, वैध डिजिटल स्वाक्षरीसह लोकांच्या हाती पडत राहिली आणि सुमारे २२ लाख ७० हजार संगणकांवर पोचली. ज्यांनी ती उतरवून घेतली त्यांच्याकडून हयगय झाली नव्हती. अधिकृत जागा, ओळखीचं नाव, खरी सही हे सगळं जागच्या जागी होतं.

म्हणूनच सिस्टिम सेटिंगमधले बदल टिपणारं सॉफ्टवेअर निवडताना 'त्यातलं चांगलं कोणतं' एवढंच विचारून भागत नाही. रजिस्ट्री, सर्व्हिसेस, ड्रायव्हर, ठरावीक वेळी चालणारी कामं या सगळ्यांवर नजर ठेवायची तर त्या सॉफ्टवेअरला अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचे हक्क द्यावे लागतात, कित्येकदा थेट कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, शिरू द्यावं लागतं. ज्याच्या हाती सगळ्या किल्ल्या, त्याची झडती कोण घेणार? आणि झडतीसाठी दुसरं सॉफ्टवेअर आणलं, तर त्याची?

भारतीय दर्शनांनी या प्रश्नाशी संगणक येण्याच्या कितीतरी शतकं आधी झुंज घेतली आहे. बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनानं 'विग्रहव्यावर्तनी'त प्रमाणवाद्यांना, म्हणजे ज्ञानाची खात्रीची साधनं (प्रमाणं) मानणाऱ्यांना, नेमकं इथेच गाठलं. वस्तू प्रमाणांनी सिद्ध होतात असं तुम्ही म्हणता. मग प्रमाणं कशानं सिद्ध होतात? दुसऱ्या प्रमाणांनी म्हणाल तर साखळी कुठेच थांबत नाही, अनवस्था ओढवते. आपली आपणच म्हणाल तर मग बाकीच्या वस्तूंना तरी प्रमाण कशाला हवं?

न्यायदर्शनाचा मूळ ग्रंथ असलेल्या न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात अशाच आक्षेपाला उत्तर दिलं आहे ते तराजूचा दाखला घेऊन. तराजूनं सोनं तोलतात. पण तराजूबद्दलच संशय आला, तर ज्याचं वजन आधी पक्कं ठाऊक आहे असं सोनं पारड्यात घालून तराजूच पाहून घेता येतो. मापणारी वस्तू दुसऱ्या प्रसंगी स्वतः मापली जाऊ शकते. या उत्तरानं नागार्जुनाचं तोंड बंद होतं असं नाही. पण व्यवहारात पाऊल टाकायला त्यातून जागा मिळते, आणि सॉफ्टवेअरच्या निवडीत ही जागा फार मोलाची आहे.

१९९२ साली अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात जीन किम आणि जीन स्पॅफर्ड यांनी ट्रिपवायर लिहिलं ते याच वळणाचं. महत्त्वाच्या फाइलींचे हॅश, म्हणजे आतल्या मजकुरावरून गणितानं काढलेले ठसे, एकदा नोंदवून ठेवायचे आणि पुढे ताळा पाहायचा. कर्त्यांनी एक गोष्ट आवर्जून सांगितली होती: ही मूळ नोंद लिहिता न येणाऱ्या माध्यमावर ठेवा. घुसखोर हुशार असेल तर फाइलीबरोबर यादीही बदलेल. ओळखीचं सोनं चोराच्या हाताबाहेर ठेवायचं, ते यासाठी.

मीमांसा दर्शनाच्या पंडितांची, मीमांसकांची, वाट वेगळी. त्यांच्यातले कुमारिल भट्ट म्हणतात, ज्ञान मुळात प्रमाण मानूनच चालायचं. त्याला खोटं पाडणारं दुसरं ज्ञान उभं राहिलं किंवा ते ज्यातून आलं त्या साधनातच दोष सापडला, तरच ते सोडायचं. तपासाचीही हद्द त्यांनी आखली आहे. तीनचार ज्ञानांपलीकडे जायची गरज नाही. हे भाबडेपण नव्हे. विश्वासाला बाधक कुठून येऊ शकतो याची वाट उघडी ठेवणं, ही या मताची खरी अट आहे.

आणि निवडीची कसोटी इथेच सापडते. जे सॉफ्टवेअर स्वतः खोटं ठरण्याची सोय ठेवतं, ते घ्यावं. अशी सोय कशी असते ते एका घटनेत दिसतं. ऑक्टोबर २००५ मध्ये विंडोजचे जाणकार मार्क रुसिनोविच यांना आपल्याच संगणकात सोनी बीएमजीच्या गाण्यांच्या सीडीनं दडवलेलं रूटकिट, म्हणजे स्वतःला लपवणारं सॉफ्टवेअर, सापडलं. नावाच्या सुरुवातीला विशिष्ट अक्षरं असलेली कोणतीही फाइल ते विंडोजच्या यादीतून गायब करत होतं. रुसिनोविच यांचं रूटकिटरिव्हीलर विंडोजला यादी विचारायचं, मग विंडोजला वळसा घालून थेट डिस्क वाचायचं आणि दोन्हींतला फरक पुढे ठेवायचं. साक्षीदार दोन, वाटा स्वतंत्र.

त्यांच्याच साधनांच्या संचातलं ऑटोरन्स आज मायक्रोसॉफ्ट फुकट देतं. ते इन्स्टॉल करावं लागत नाही. उघडलं की आपोआप सुरू होणाऱ्या नोंदींच्या रांगा समोर येतात. जिची फाइल जागेवर नाही ती नोंद पिवळी दिसते, सही पटत नाही ती गुलाबी. मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या नोंदी लपवल्या की रांग एकदम आखडते आणि उरलेली नावं डोळ्यांखालून घालणं माणसाच्या आवाक्यात येतं. आजची यादी जतन करून महिन्यानं नव्या यादीशी ताडता येते. त्यातली मोलाची गोष्ट अशी, की ते दाखवतं आणि थांबतं. काय ठेवायचं, काय बंद करायचं हे माणसावर सोपवतं. याउलट 'एका क्लिकमध्ये सगळं दुरुस्त' म्हणणारी साधनं निदान आणि शस्त्रक्रिया एकाच हाती देतात. रजिस्ट्री साफ करणाऱ्या अशा साधनांना आपला पाठिंबा नाही, असं खुद्द मायक्रोसॉफ्टनं जाहीर केलेलं आहे.

तरी सही दाखवणारं ऑटोरन्सही सीक्लीनरसारख्या प्रसंगी गप्पच राहील, कारण तिथे सही खरी होती. मग कुमारिलांची वाट उरते. मार्च २०२४ मध्ये आन्द्रेस फ्रॉइन्ड हा पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारा अभियंता वेग मोजत बसला होता. एसएसएचमधून, म्हणजे दूरच्या संगणकात सुरक्षितपणे शिरण्याच्या सोयीतून, आत शिरताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय आणि प्रोसेसर उगाच राबतोय, हे त्याला खटकलं. धागा धरत तो एक्सझेड या फाइली आवळणाऱ्या साधनापर्यंत गेला. त्याच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा होता, आणि तो घालणाऱ्यानं आधी दोनेक वर्षं इमानानं काम करून प्रकल्पाचा विश्वास कमावलेला होता. त्या विश्वासाला बाधक ठरला तो नेहमीचा वेग अंगवळणी पडलेल्या माणसाचा एक संशय, आणि तो संशय खोदून पाहता आला कारण कोड उघडा होता. फ्रॉइन्डनं २९ मार्चला सगळं जाहीर केलं, तेव्हा चोरदरवाजा असलेल्या आवृत्त्या डेबियन आणि फेडोरा या लिनक्स प्रणालींच्या चाचणी शाखांत पोचल्या होत्या, डेबियनच्या स्थिर शाखेत अजून शिरल्या नव्हत्या.